लॅफ्काडिओ हर्न : मात्सुए गावचे इंग्रजी शिक्षक

जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडे शिन्जी सरोवराच्या काठी मात्सुए हे जुने किल्ल्याचे गाव वसलेले आहे. इ. स. १८९० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस या गावी एक चाळीस वर्षांचे परदेशी गृहस्थ येऊन पोचले. उंची बेताची, डावा डोळा पूर्ण निकामी, उजवाही इतका अधू की वाचताना पुस्तक थेट नाकाशी न्यावे लागे. गावातील सरकारी माध्यमिक शाळेत व नॉर्मल स्कुलात इंग्रजी शिकविण्याकरिता त्यांची नेमणूक झाली होती. वेतन दरमहा १०० येन. या गावी ते अवघे चौदा-पंधरा महिने राहिले. असे असूनही त्यांचे घर गावाने आजवर जपून ठेविले आहे, आणि शेजारीच त्यांच्या वस्तूंचे संग्रहालय उभारिले आहे. एखाद्या इंग्रजी शिक्षकास एवढा मान मिळाल्याचे ऐकून आमच्या काही विद्यार्थ्यांस, विशेषतः ज्यांना इंग्रजीचा तास संपता संपत नाही त्यांस, नवल वाटेल. म्हणूनच लॅफ्काडिओ हर्न यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

हर्न यांचा जन्म २७ जून १८५० रोजी ग्रीस देशाजवळील लेफ्काडा नावाच्या बेटावर झाला; बेटाच्या नावावरूनच मुलाचे नाव पडले. वडील आयरिश, इंग्रजी सैन्यात शल्यवैद्य. आई रोझा ही ग्रीक. दोन वर्षांच्या लॅफ्काडिओस घेऊन आई डब्लिन शहरी सासरी आली. परंतु तेथील थंड हवा, परकी भाषा व सासरची माणसे यांपैकी काहीच तिला मानवले नाही. मूल चार वर्षांचे असताना ती ग्रीसला परतली आणि मायलेकरांची पुन्हा कधीच भेट झाली नाही. वडिलांनी दुसरे लग्न केले व ते पलटणीबरोबर हिंदुस्थानात सिकंदराबादेस गेले. मुलगा एका श्रीमंत चुलत आजीच्या घरी वाढला. पुढे इंग्लंडमधील शाळेत असताना सोळाव्या वर्षी खेळता खेळता इजा होऊन त्याचा डावा डोळा कायमचा गेला. लवकरच आजीची संपत्तीही बुडाली, आणि एकोणिसाव्या वर्षी या पोरक्या मुलास अमेरिकेत सिन्सिनॅटी शहरी जवळजवळ रिकाम्या हाताने धाडून देण्यात आले.

तेथे एका वृद्ध मुद्रकाने त्यास आसरा दिला. छापखान्याचे काम शिकत तो वर्तमानपत्राचा बातमीदार झाला आणि नावारूपास आला. १८७४ साली त्याने एका कृष्णवर्णीय स्त्रीशी विवाह केला. त्या काळच्या ओहायो संस्थानच्या कायद्यास असा विवाह मान्य नव्हता. त्यापायी नोकरी गेली आणि विवाहही टिकला नाही. पुढे दहा वर्षे न्यू ऑर्लिअन्स येथे, नंतर दोन वर्षे मार्टिनिक बेटावर, असे हे भटके आयुष्य लेखणीच्या बळावर चालले होते. १८९० च्या एप्रिलमध्ये एका मासिकाच्या वतीने लेख लिहिण्यासाठी हर्न योकोहामा बंदरी उतरले. पण त्या मासिकाशी त्यांचे लवकरच बिनसले. परक्या मुलखात हाती पैसा नाही, काम नाही. तेव्हा टोकिओ विद्यापीठातील विद्वान प्राध्यापक बेसिल हॉल चेंबरलेन व शिक्षणखात्यातील अधिकारी हात्तोरी यांच्या खटपटीने मात्सुएची जागा मिळाली. म्हणजे आवडीने नव्हे, तर पोटासाठी ते शिक्षक झाले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

शिक्षकाचा धंदा त्यांनी पूर्वी कधी केलेला नव्हता. जपानी भाषाही येत नव्हती. पण शाळेचे मुख्य सहाध्यापक निशिदा सेन्तारो यांचे इंग्रजी उत्तम होते. ते हर्न यांचे जिवलग मित्र झाले, आणि त्यांच्या आधाराने वर्गाचे तारू मार्गी लागले. हर्न मुलांना निबंध लिहावयास देत. एकाच विषयावरील सगळ्या मुलांच्या निबंधांत कल्पना व उपमा जवळपास सारख्याच येतात, हे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्या एखाद्या शिक्षकाने मुलांवर नकलेचा आळ घेऊन लाल शाईचा मुक्त वापर केला असता. हर्न यांनी कारण शोधिले. चंद्र, पर्वत, फुले यांविषयी काय म्हणावे हे त्या मुलांच्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी ठरवून ठेविले होते, आणि मुले ते प्रामाणिकपणे इंग्रजीत उतरवीत होती. संध्याकाळी हीच मुले गुरुजींच्या घरी येत, शांतपणे बसत, आपल्या घरची जुनी चित्रे दाखवावयास आणीत. अशा रीतीने जो शिकवावयास आला होता तोच शिकू लागला.

या सगळ्याचे टिपण हर्न यांनी एका इंग्रजी शिक्षकाची रोजनिशी म्हणून आपल्या ग्रंथात घातले आहे. तीत एका मरणोन्मुख विद्यार्थ्याची हकीकत येते. मुलगा अत्यंत हुशार होता; आजाराने अंथरुणास खिळला. अखेरच्या दिवसांत त्याने एकच इच्छा बोलून दाखविली, ती म्हणजे शाळा पुन्हा एकदा दृष्टीस पडावी. घरच्या वृद्ध गड्याने त्याला रात्रीच्या वेळी पाठीवर घेतले, रस्त्यातून शाळेपर्यंत नेले आणि त्याच्या वर्गाची खिडकी दाखविली. काही वेळाने मुलगा गेला. आम्ही शिक्षक मंडळी हा भाग वाचतो तेव्हा पुढचे पान उलटण्यास थोडा वेळ लागतो.

आता हर्न यांच्या सुट्ट्यांकडे वळू. शाळेस सुटी मिळाली की त्यांचा पाय घरी ठरत नसे. मात्सुए ज्या इझुमो प्रांतात आहे तो जपानी पुराणांची जन्मभूमीच होय. वर्षाच्या दहाव्या महिन्यात देशातील सारे देव इझुमोच्या महामंदिरात सभेस जमतात, म्हणून इतर प्रांतांत त्या महिन्याला देवांवाचूनचा महिना म्हणत. मात्सुएस येऊन जेमतेम दोन आठवडे होतात न होतात तोच, सप्टेंबरमध्ये, हर्न किझुकी येथील त्या मंदिराकडे निघाले. लहानशा आगबोटीने सरोवर ओलांडून पलीकडचे टोक गाठावे आणि तेथून माणसांनी ओढलेल्या रिक्षातून भातखाचरांमधून जावे, असा तो मार्ग होता. निशिदांचे पत्र बरोबर होते. मंदिराच्या प्रमुख पुजाऱ्यांनी त्यांस गाभाऱ्याजवळच्या आतील भागात प्रवेश दिला. तोवर कोणाही युरोपियनास तेथवर जाऊ दिलेले नव्हते. इतरांनी वर्षानुवर्षे राहून जे दार उघडलेले पाहिले नाही, ते पंधरा दिवसांच्या पाहुण्यास का उघडले? आम्हांस वाटते, हर्न तेथे परीक्षक म्हणून गेले नव्हते, यातच त्याचे उत्तर असावे.

काका नावाच्या कोळीवाड्यानजीक समुद्रात एक गुहा आहे, तेथेही ते नावेने गेले. वारा थोडा जरी वाढला तरी नाव तेथे नेत नसत. लहानपणी मेलेल्या मुलांचे आत्मे रात्री त्या गुहेत येऊन दगडांच्या लहान लहान उतरंडी रचतात, आणि पहाटे वाळूत त्यांच्या चिमुकल्या पावलांचे ठसे दिसतात, अशी तेथील समजूत. खडकांवर टोचून त्या मुलांचे पाय दुखू नयेत म्हणून आयाबाया गवताच्या इवल्याशा चपला तेथे ठेवून जात. या मुलांचा कैवारी जिझो. हा जिझो म्हणजे आपल्याच देशातून चीनमार्गे तिकडे गेलेला क्षितिगर्भ बोधिसत्त्व होय. आईस चौथ्या वर्षी दुरावलेल्या या गृहस्थाने त्या चपलांचे वर्णन किती मायेने केले आहे, ते मूळ ग्रंथातच पाहावे.

सगळ्याच सफरी अशा गंभीर नसत. मिओनोसेकी बंदराच्या देवास कोंबडा मुळीच खपत नाही. देव रात्री मासेमारीस गेला असता कोंबड्याच्या आरवण्याने घोटाळा झाला. घाईत वल्हे हरवले, हातांनी नाव वल्हवावी लागली आणि माशांनी देवाच्या हातांस चावे घेतले! तेव्हापासून त्या गावी कोंबडी नाही, अंडे नाही. आणि सकाळी अंडे खाल्लेल्याने तेथे जाऊ नये अशी ताकीद. अशा गोष्टी हर्न मोठ्या चवीने सांगतात. अधू दृष्टीमुळे ते खिशात एक लहान दुर्बीण बाळगीत. घडीभर तिच्यातून पाहावयाचे आणि मग घरी येऊन, डोळ्यांस सोसावे म्हणून मुद्दाम उंच करविलेल्या मेजाशी रात्र रात्र लिहीत बसावयाचे, असा त्यांचा क्रम असे.

१८९१ साली त्यांचा संसार थाटला. पत्नी कोइझुमी सेत्सु ही एका हलाखीत सापडलेल्या सामुराई घराण्याची कन्या. कापड विणून तिने घरास हातभार लाविला होता. तिला इंग्रजी येत नव्हते, यांना जपानी पुरते येत नव्हते. दोघांनी मिळून मोडक्यातोडक्या जपानीची स्वतःची एक बोली बनविली आणि जन्मभर तीत संसार केला. व्याकरणाचे आमचे सहकारी क्षमा करोत! मात्सुएचा कडक हिवाळा हर्न यांस बाधला, आणि सेत्सुच्या माहेरच्या माणसांचाही भार शिरावर आला. म्हणून १८९१ च्या नोव्हेंबरमध्ये दुप्पट वेतनावर ते दक्षिणेस कुमामोतो येथील मोठ्या सरकारी विद्यालयात गेले. निरोपाच्या वेळी विद्यार्थ्यांनी त्यांस एक तलवार भेट दिली व धक्क्यापर्यंत पोचविण्यास सारी शाळा लोटली.

कुमामोतो त्यांस मानवले नाही. ते लष्करी छावणीचे शहर. विद्यार्थी वयाने मोठे व अलिप्त. हर्न यांच्या मनातील खरे शल्य येथे उघडे पडले. तरुण जपान इंग्रजी शिकत होता तो आगगाड्या, तोफा, कायदे व कारखाने यांसाठी. आणि ती भाषा शिकविण्याबद्दलच हर्न यांस पगार मिळत होता. रविवारी ज्या जुन्या जपानच्या शोधात ते रानोमाळ हिंडत, तोच जपान सोमवारी त्यांच्या वर्गातून थोडथोडा ओसरत होता. हे त्यांस कळत होते. पण नोकरी सोडण्याइतकी त्यांची ऐपत नव्हती, आणि इंग्रजी वाईट शिकविण्याइतके ते अप्रामाणिकही नव्हते. १८९२ च्या उन्हाळ्यात ते सेत्सुसह ओकी बेटांवर गेले. बाराशे एकवीस साली हद्दपार झालेल्या माजी सम्राट गो-तोबा याने येथेच अखेरचे दिवस काढिले. तेथील एका गावी परदेशी माणूस पाहण्यास खाणावळीभोवती एवढी गर्दी उसळली की लोक छपरावर चढले. त्या गर्दीवर हर्न मुळीच रागावले नाहीत. जुन्या मात्सुएचा वास त्यांस तेथे पुन्हा आला असावा.

१८९४ साली मात्सुएच्या आठवणींचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन त्यांचे नाव दूरवर पसरले. त्याच वर्षी ते कोबे येथे एका इंग्रजी वर्तमानपत्रात गेले. पण अतिश्रमाने दृष्टी आणखी खालावली. तोवर एक पुत्र झाला होता. आपल्या पश्चात पत्नी व मूल यांचे काय, ही चिंता त्यांस पोखरू लागली. कारण त्या वेळच्या कायद्याप्रमाणे सेत्सु इंग्रज प्रजाजन ठरली असती तर तिचे जपानातील हक्क गेले असते. तेव्हा १८९६ साली त्यांनीच इंग्रज नागरिकत्व सोडिले, पत्नीच्या कुळात दाखल झाले आणि कोइझुमी याकुमो हे नाव घेतले. आपल्याकडील घरजावयाची आठवण कोणास होईल. पण येथे जावयाने घरच नव्हे तर देशही बदलला.

त्याच वर्षी टोकिओच्या सरकारी विद्यापीठात इंग्रजी वाङ्मयाचे व्याख्याते म्हणून त्यांची नेमणूक झाली. ते सावकाश, सोप्या शब्दांत बोलत आणि विद्यार्थी शब्द न् शब्द उतरून घेत. त्या वह्यांवरूनच त्यांच्या मृत्यूनंतर १९१५ साली अमेरिकेत त्यांची व्याख्याने छापिली गेली. शहर मात्र त्यांस नकोसे होई. उन्हाळा आला की मुलांसह याइझु या मासेमारांच्या गावी एका मासेविक्याच्या माडीवर जाऊन राहावे आणि समुद्रात मनसोक्त पोहावे, हा नेम. १८९७ च्या ऑगस्टमध्ये वाटाड्यांच्या ओढण्या-ढकलण्याने ते फुजी पर्वतावरही चढून गेले. त्याच वर्षी निशिदा क्षयाने वारले. रात्री दिवा मंद करून सेत्सु जुन्या भुताखेतांच्या कथा सांगे. पुस्तकातून वाचून दाखविलेले हर्न यांस चालत नसे. तिने स्वतःच्या शब्दांतच सांगावे असा हट्ट. या कथांपैकी काही १९०४ साली क्वायदान या संग्रहात आल्या. त्यापूर्वी, १९०३ साली, विद्यापीठाने त्यांस कामावरून दूर केले होते. विद्यार्थ्यांनी आपला विरोध स्पष्टपणे नोंदविला. परंतु हर्न परतले नाहीत. त्यांच्या जागी जे आले, ते पुढे थोर कादंबरीकार म्हणून गाजलेले नात्सुमे सोसेकी होत. वासेदा येथे काही महिने शिकवून २६ सप्टेंबर १९०४ रोजी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, हर्न हृदयविकाराने वारले.

त्यांच्या लेखनावर पुष्कळ टीका झाली. ते स्वप्नातला जपान पाहत, असे म्हणणाऱ्यांत पुढे खुद्द चेंबरलेनही होते. त्यात तथ्य आहे. १८९६ च्या जूनमध्ये ईशान्य जपानात सागरलाटेने सुमारे २२,००० माणसे बळी घेतली. त्यानंतर हर्न यांनी जुन्या काळची एक कथा लिहिली: टेकडीवरचा वृद्ध पाटील समुद्र मागे हटलेला पाहून स्वतःच्या भाताच्या गंज्या पेटवितो, आग विझविण्यास गाव वर धावतो आणि लाटेपासून वाचतो. घटना १८५४ ची. खरे गृहस्थ हामागुची गोर्यो तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर होते आणि राहत होते खाली गावातच. तपशिलात हर्न यांनी असा बराच फेरफार केला. परंतु त्याच भागातील एका तरुणाने शिक्षक होण्याचा अभ्यास करिताना ही कथा इंग्रजीच्या धड्यात वाचिली. पुढे प्राथमिक शाळेत शिकवीत असताना त्याने ती मुलांसाठी सोप्या जपानीत लिहून काढिली, आणि १९३७ पासून १९४७ पर्यंत ती साऱ्या जपानच्या शाळांतील क्रमिक पुस्तकात होती. त्या लाटेच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर ही तारीख संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली सागरलाटांविषयी जागृतीचा दिवस म्हणून मुक्रर केली आहे.