शब्दांचा भांडारी

अनोळखी शब्द भेटला की आपण शब्दकोश उघडतो आणि अर्थ सापडताच तो मिटून ठेवतो. त्या एका ओळीच्या अर्थामागे कोणाचे किती श्रम असतील, हा विचार सहसा आपल्या मनाला शिवत नाही. इंग्रजी भाषेचा ऑक्सफर्डचा बृहत्कोश आज जगभर प्रमाण मानला जातो. हा कोश ज्यांनी घडविला, ते जेम्स मरे एका शिंप्याचे पुत्र होते आणि चौदाव्या वर्षीच त्यांना शाळेला मुकावे लागले होते.

मरे यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८३७ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण भागातील डेनहोम या खेड्यात झाला. घरची स्थिती बेताची. परंतु मुलाची जिज्ञासा मात्र अमर्याद होती. दगड, फुले, तारे, जे दिसेल त्याचे नाव आणि कूळ जाणून घ्यावे, असे त्याला वाटे. भाषांची ओढ तर विलक्षणच. गाईंनी लॅटिन हाकांना ओ द्यावी म्हणून त्याने खटाटोप केला होता, असे सांगतात. पुढील शिक्षणाचा खर्च आईवडिलांना झेपण्यासारखा नव्हता. शाळा सुटली, पण शिक्षण सुटले नाही. मिळेल ते पुस्तक वाचून जेम्स स्वतःच स्वतःचा गुरू झाला. सतराव्या वर्षी तो जवळच्या हॉइक गावी साहाय्यक शिक्षक झाला आणि विसाव्या वर्षी तेथीलच एका शाळेचा मुख्याध्यापक.

मुलांना शिकवीत असता मरे आसपासच्या लोकांची बोली कान देऊन ऐकत. शिकलेले लोक त्या बोलीला गावंढळ समजत. परंतु तिलाही स्वतःचे नियम आहेत, स्वतःचे व्याकरण आहे, हे मरे यांच्या ध्यानी आले. पुढे १८७३ मध्ये त्यांनी या बोलीचे उच्चार आणि व्याकरण यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. लोक भाषा कशी वापरतात हे आधी नीट पाहावे आणि मग नियम सांगावा, ही त्यांची पद्धत तेव्हाच ठरून गेली.

मधल्या काळात त्यांच्यावर दुःखाचे डोंगर कोसळले. तान्ही मुलगी दगावली. पत्नीला क्षयाने घेरले. हवापालटासाठी ते आवडीची शाळा सोडून लंडनला आले आणि भारताशी व्यापार करणाऱ्या एका पेढीत कारकून झाले. तरीही पत्नी वाचली नाही. त्या दिवसांतही कामावर जाता-येता त्यांचा भाषांचा अभ्यास चालूच असे. ब्रिटिश म्युझियममध्ये जागा मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला आणि आपल्याला येणाऱ्या कितीतरी भाषा त्यात नमूद केल्या. पण ती जागा त्यांना मिळाली नाही. अखेर १८७० मध्ये लंडनजवळच्या मिल हिल येथील शाळेत ते पुन्हा शिक्षक झाले.

इंग्रजीतील प्रत्येक शब्दाचा इतिहास सांगणारा कोश व्हावा, असा संकल्प लंडनच्या भाषाशास्त्रीय मंडळाने १८५७ मध्येच सोडला होता. पण वीस वर्षे लोटली तरी काम तडीस जाईना. १ मार्च १८७९ रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाशी करार झाला आणि संपादनाची धुरा मरे यांच्यावर आली. दहा वर्षांत कोश पुरा करावयाचा होता. पूर्वीच्या चिठ्ठ्या पोत्यांत भरून त्यांच्या दारी येऊन पडल्या. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला! काही चिठ्ठ्या तर आयर्लंडमधील एका तबेल्यात सापडल्या; त्यांतल्या कित्येक चुलीत गेल्या होत्या.

मरे यांनी घराच्या बागेत पत्र्याची एक खोली उभारली आणि चिठ्ठ्या ठेवण्यासाठी भिंतींना हजाराहून अधिक खण केले. मग त्यांनी इंग्रजी वाचणाऱ्या सर्व लोकांना पत्रकाद्वारे विनंती केली. पुस्तक वाचताना लक्षात घेण्याजोगा शब्द आढळला, तर तो कागदाच्या तुकड्यावर लिहावा. खाली ग्रंथाचे नाव, साल, पृष्ठ आणि शब्द ज्यात आला ते सबंध वाक्य उतरावे आणि चिठ्ठी पाठवून द्यावी. देशोदेशींहून चिठ्ठ्यांचा ओघ सुरू झाला. थेंबे थेंबे तळे साचावे, तसा हा संग्रह वाढत गेला.

अशा चिठ्ठ्यांतून अर्थ कसा लागतो? 'डीअर' हा शब्द घ्या. आज त्याचा अर्थ हरीण. पण जुन्या ग्रंथांतील वाक्ये सालवार मांडली, म्हणजे दिसते की प्राचीन इंग्रजीत हा शब्द कोणत्याही पशूला लावीत; पुढे त्याचा अर्थ आकुंचित होत गेला. आपल्या 'मृग' शब्दाचीही हीच कथा आहे. प्राचीन संस्कृतात मृग म्हणजे कोणताही वन्य पशू. पुढे मृग म्हणजे हरीण झाले. शब्दाचा अर्थ कोशकार ठरवीत नाही. तो वाक्यांच्या साक्षीवरून शोधून काढतो.

हे काम अर्थातच मुंगीच्या पावलांनी चालले. पाच वर्षांनी, १८८४ मध्ये, ३५२ पृष्ठांचा पहिला भाग निघाला, तेव्हा कोश 'अँट' म्हणजे खरोखरीच मुंगीपर्यंत पोचला होता! मुद्रणालयाचे चालक अस्वस्थ झाले. काम लवकर उरकावे, विस्तार आवरावा, असा त्यांचा तगादा सुरू झाला. मरे यांनी कष्ट वाढविले, पण साक्षी-पुराव्यांत काटछाट करून कोश उणा होऊ दिला नाही. १८८५ मध्ये शाळेची नोकरी सोडून ते ऑक्सफर्डला राहावयास गेले. तेथेही बागेत तशीच खोली उभी राहिली. हिवाळ्यात तीत इतकी थंडी असे की, मरे पाय पेटीत घालून लिहीत बसत. टपाल एवढे होई की, त्यांच्या घराबाहेर टपालखात्याने एक स्वतंत्र पेटी बसविली. त्यांना अकरा अपत्ये होती. चिठ्ठ्या वर्णानुक्रमे लावण्याच्या कामावर मुले आपला खाऊचा पैसा मिळवीत.

दूरचे साहाय्यकही अनेक होते. फिट्झएडवर्ड हॉल हे अमेरिकन पंडित पूर्वी काशीच्या सरकारी संस्कृत पाठशाळेत अध्यापक होते. ते जवळजवळ वीस वर्षे रोज कित्येक तास या कामाला देत. विल्यम मायनर हे मनोरुग्णालयात बंदिस्त असलेले शल्यवैद्य. त्यांनी आपल्या खोलीतून हजारो उतारे पाठविले. मरे त्यांना भेटावयास जात.

एवढी दक्षता असूनही चूक झालीच. 'बाँडमेड', म्हणजे दासी, या शब्दाच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या आणि तो शब्द छापावयाचा राहिला. मरे यांना ही गोष्ट फार लागली. १९३३ च्या पुरवणीत तो शब्द घालण्यात आला.

१९०८ मध्ये मरे यांना सर ही पदवी मिळाली. १९१७ मध्ये त्यांना ऐंशी वर्षे पुरी होणार होती. तोवर कोश संपावा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. ती सफल झाली नाही. 'टी' या अक्षराचे काम चालू असता २६ जुलै १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. कोशाचा जवळजवळ अर्धा भाग त्यांनी स्वतः संपादिला होता. आपल्याकडून इंग्रजीत गेलेला 'जंगल' हा शब्दही त्यांच्याच भागात आहे.

उरलेले काम सहकाऱ्यांनी नेले आणि १९२८ मध्ये कोश पूर्ण झाला. चार लाखांहून अधिक शब्द आणि अठरा लाखांहून अधिक उतारे त्यात होते. दहा वर्षांच्या कामाला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. परंतु मरे यांनी घालून दिलेली शिस्त इतकी पक्की होती की, त्यांच्या हातून सुटलेली चिठ्ठी दुसऱ्याला बिनचूक उचलता आली.

मुलांनो, इंग्रजी असो वा मराठी, नवा शब्द वहीत उतरताना त्याच्यापुढे नुसता अर्थ लिहून थांबू नका. तो जेथे भेटला, ते वाक्यही लिहा. मरे यांच्या पत्र्याच्या खोलीत प्रत्येक शब्द असाच, आपल्या वाक्यासह आला होता.