दार उघडणारे संत



संत आल्फोन्सस रॉड्रिग्ज हे स्पेनमधील लोकरीचे व्यापारी. पत्नी व मुले देवाघरी गेली, धंदाही बुडाला. १५७१ साली ते येशूसंघात ब्रदर झाले. मायोर्का बेटावरील कॉलेजात त्यांनी म्हातारपणापर्यंत द्वारपालाचे काम केले. येणाऱ्या प्रत्येकात प्रभूला पाहून ते दार उघडत. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना पीटर क्लेव्हर हा तरुण विद्यार्थी भेटला. आल्फोन्सस यांनी त्याला अमेरिकेत सेवेला जाण्याची प्रेरणा दिली. तिथे त्याने गुलामांसाठी आयुष्य वेचले. १६१७ साली आल्फोन्सस प्रभुचरणी विलीन झाले. १८८८ साली दोघांनाही एकाच दिवशी संतपद मिळाले.

ज्येष्ठांनो, आता आपला काय उपयोग, असे म्हणू नका. तुमच्याही दाराशी एखादा तरुण येईल. त्याला वेळ द्या, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

तुमचे धर्मगुरू