गोष्टी सांगणारे साने गुरुजी

साने गुरुजींचे संपूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने असे होते. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड या गावी झाला. त्यांच्या आईचे नाव यशोदा होते. त्यांचे घराणे खोताचे होते. पण पुढे गरिबी आली, कर्ज झाले.

मी हा लेख का लिहिला ते आधी सांगते. आमच्या वर्गात कथाकथन होते. मी जॅक आणि शेंगांच्या वेलाची गोष्ट सांगितली. ती इंग्लंडची आहे. जॅक गाय विकायला नेतो आणि गायीच्या बदल्यात पाच दाणे घेऊन घरी येतो. आई चिडते आणि दाणे खिडकीतून फेकून देते. रात्रीतून त्याचा वेल आभाळापर्यंत जातो आणि वर राक्षसाचे घर असते. पण मी दाण्यांच्या जागी आपले वालाचे दाणे केले. जॅकचा जनू केला. आणि राक्षसाला माणसाचा वास येतो तिथे आधी पोपटीचा वास येतो असं केलं. मडक्यात वालाच्या शेंगा, वर भांबुर्डीचा पाला. सगळे हसले. पण एक मुलगा म्हणाला की ही गोष्ट हिची नाहीच, इंग्रजी पुस्तकातली चोरली आहे. मला रडूच आलं. मी चोरी नव्हती केली.

तेव्हा बाईंनी मला साने गुरुजींचे चरित्र वाचायला दिले.

गुरुजींना लहानपणी त्यांची आई गोष्टी सांगायची आणि चांगले वळण लावायची. ती मारायची पण. ते विहिरीवर पोहायला जायला घाबरून लपून बसले तेव्हा आईने त्यांना शिंपटीने मारून पाठवले. पोहून आल्यावर अंगावरचे वळ बघून तिला वाईट वाटले आणि तिने वळांवर तेल लावले. आमच्या पाताळगंगेत मला पण पोहायचे आहे पण आई अजून सोडत नाही.

गुरुजी दापोलीला मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकले. दापोलीहून पालगडला ते चालत घरी यायचे. पुढे पैसे नव्हते म्हणून औंधला गेले, मग पुण्याला गेले. हाताने स्वयंपाक करून, कधी अर्धपोटी राहून ते शिकले. १९१७ साली त्यांची आई वारली. तेव्हा ते जवळ नव्हते. याचे दुःख त्यांना जन्मभर झाले. तरी त्यांनी शिक्षण सोडले नाही व ते एम. ए. झाले.

१९२४ साली ते खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. तिथल्या वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे आले. हा भाग मला सगळ्यात आवडला. मुलं झोपेत असताना गुरुजी पहाटे उठायचे. मुलांच्या कंदिलाच्या काचा पुसून ठेवायचे. कोणी अंथरूण तसेच टाकून गेले तर घडी घालायचे. कोणाचे कपडे मळलेले असले तर धुऊन टाकायचे. रागवायचे नाहीत. मग मुलांना लाज वाटायची आणि ती आपली आपण कामं करायला लागायची. (आमच्या घरी आई अंथरूण काढते पण ती रागावते पण.)

आणि तिथे ते मुलांसाठी रोज हाताने लिहून एक वर्तमानपत्र काढायचे. त्याचे नाव छात्रालय. रोज म्हणजे रोज. आपण हे भित्तिपत्रक महिन्यातून एकदा काढतो तरी आपला हात दुखतो. त्यांनी विद्यार्थी नावाचे मासिकही काढले. वर्तमानपत्रात आणि मासिकात एवढे लिहायला आणणार कुठून? म्हणून गुरुजी खूप वाचायचे. मराठी, संस्कृत आणि इंग्रजी पुस्तके वाचायची आणि त्यातले चांगले ते मुलांना मराठीत सांगायचे, असे त्यांचे चालायचे.

१९३० साली गांधीजींची सत्याग्रहाची चळवळ सुरू झाली तेव्हा गुरुजींनी नोकरी सोडली. इंग्रज सरकारने त्यांना पुष्कळ वेळा तुरुंगात टाकले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे होते. विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि गुरुजी ते भरभर लिहून घ्यायचे. त्याचे गीता प्रवचने हे पुस्तक झाले. मग १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी श्यामची आई हे पुस्तक लिहिले. त्यातला बहुतेक भाग ९ फेब्रुवारी ते १३ फेब्रुवारी एवढ्या पाच दिवसांत लिहिला! त्यात धडे नाहीत, रात्री आहेत. ४२ रात्री. कारण श्याम रोज रात्री आपल्या मित्रांना आईची एक एक आठवण सांगतो. आपली आजी रात्री सांगते तशीच. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्याचा सिनेमा काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

आता मुख्य गोष्ट. गुरुजी इंग्रजांच्या राज्याशी लढले पण इंग्रजी पुस्तकांशी लढले नाहीत. इंग्लंडमध्ये जॉर्ज इलियट नावाच्या लेखिका होत्या. नाव पुरुषाचे आहे पण त्या बाई होत्या. त्यांनी १८६१ साली सायलस मार्नर नावाच्या विणकराची गोष्ट लिहिली. त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो. तो गाव सोडतो आणि एकटाच राहून सोन्याच्या मोहरा जमवतो. मग त्याचे सोने चोरीला जाते आणि एका रात्री त्याच्या घरात सोनेरी केसांची एक लहान मुलगी येते. तो तिला वाढवतो आणि सोने विसरतो. गुरुजींनी हा विणकर आपल्याकडे आणला आणि त्याचे नाव ठेवले मनूबाबा. तसेच फ्रान्सचे व्हिक्टर ह्यूगो यांची गोष्ट त्यांनी दुःखी या नावाने मराठीत आणली. त्यात बहिणीच्या उपाशी मुलांसाठी पाव चोरणाऱ्या माणसाला तुरुंगात टाकतात. काळ्या फुलाची एक फ्रेंच गोष्ट होती ती फुलाचा प्रयोग झाली. या सगळ्या गोड गोष्टी नावाच्या मालेत आहेत.

हे वाचून मला बरं वाटलं. मी बाईंना विचारलं की मग माझी चोरी नाही ना? बाईंनी सांगितले की नाही, पण पुढच्या वेळी गोष्ट कुठली आहे ते आधी सांगायचं. म्हणून आता सांगते. जॅकची गोष्ट जोसेफ जेकब्ज यांनी १८९० साली पुस्तकात छापली. ते ऑस्ट्रेलियात जन्मले होते आणि ही गोष्ट त्यांनी तिथे लहानपणी ऐकली होती. मोठेपणी आठवून लिहिली. त्यांनी आयर्लंडकडच्या गोष्टींची पण पुस्तके केली आणि १८९२ साली आपल्या भारतातल्या गोष्टींचे पण केले. आयर्लंडच्या एका गोष्टीत सावत्र आई चार भावंडांना हंस करून टाकते. ती ९०० वर्षे हंसच राहतात, आणि थंडीत बहीण भावांना पंखाखाली घेते. ती मी आजीला सांगितली तर आजी म्हणाली की सावत्र आईची अशी गोष्ट तिलाही माहीत आहे. आयर्लंड कुठे आहे ते तिला माहीत नाही.

गुरुजींनी अजून पुष्कळ कामे केली. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना उघडावे म्हणून ते महाराष्ट्रभर हिंडले आणि १ मे १९४७ पासून त्यांनी उपोषण केले. दहा दिवसांनी ते सुटले आणि मंदिर सर्वांना खुले झाले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी साधना साप्ताहिक सुरू केले. ते अजून निघते. पुतणी सुधा हिला ते त्यात लांब लांब पत्रे लिहायचे. भारतातल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात असे त्यांना फार वाटायचे, त्याला त्यांनी आंतरभारती नाव दिले होते. आपण परिपाठाला म्हणतो ती धर्माची प्रार्थनाही गुरुजींचीच आहे. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते फक्त पन्नास वर्षांचे होते. आपल्या रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात वडघरला त्यांचे स्मारक आहे, तिथे मुलांची शिबिरे होतात. आपली सहल तिकडे न्यावी असे मी बाईंना सांगितले आहे. पालकांनीही सांगावे.

आता मी आजीच्या गोष्टी वहीत लिहून घेते. आजी भराभर सांगते आणि माझं लिहिणं मागे राहतं. थांब म्हटलं की ती पुढचं विसरते. तीन झाल्या आहेत. तिला किती येतात ते तिलाच माहीत नाही. तिचे शब्द मी बदलत नाही.

बदल्यात मी तिला जॅकची गोष्ट सांगितली. पोपटीला ती हसली. मग तिने विचारले की त्या गायीचं पुढे काय झालं, ती कोणी नेली, तिला चारापाणी मिळालं की नाही. मी पुस्तक पुन्हा उघडून सगळं बघितलं. त्यात लिहिलेलंच नाही.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी