चौकातली राणी

रोज सकाळी कॉलेजला येताना बेळगावच्या चन्नम्मा चौकात घोड्यावरची राणी दिसते. आम्ही मराठी माध्यमाची मुले. झाशीच्या राणीवरचा निबंध तोंडपाठ. ही राणी मात्र आमच्या लेखी बसमधून उतरण्याची खूण. कन्नड विभागातल्या मित्राने एकदा तिचे माहेर विचारले, तेव्हा मी गप्प राहिलो. ते निघाले काकती, म्हणजे अगदी बेळगावच्या वेशीवरचे! शरमेपोटी वाचायला बसलो.

चन्नम्माचा जन्म १७७८ चा, काकतीच्या देसाई घराण्यातला. कित्तूरच्या मल्लसर्ज देसाईंची ती धाकटी राणी. मल्लसर्ज पुण्यात पेशव्यांच्या कैदेत होते आणि सुटून परतताना १८१६ साली वारले. हे आपण मराठी माणसांनी टाळून पुढे जाऊ नये. पुढे १८१८ साली कित्तूरकरांनी पेशव्यांविरुद्ध इंग्रजांना मदत केली, त्यात मला तरी नवल वाटत नाही. इंग्रजांनी संस्थान कायम ठेवले. ते टिकले जेमतेम सहा वर्षे.

१८२४ च्या सप्टेंबरात थोरल्या राणीचा मुलगा शिवलिंगरुद्रसर्ज निपुत्रिक वारला. शिवलिंगप्पाला दत्तक घेतले होते. पण धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने दत्तक नामंजूर केले, खजिन्याला मोहरा ठोकल्या आणि पहारे बसवले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यातला डाव चटकन कळतो. आधी तिजोरी, मग राज्य! डलहौसीच्या संस्थाने खालसा करण्याच्या धोरणाचा आपण परीक्षेत रट्टा मारतो, त्याच्या कितीतरी वर्षे आधीची ही गोष्ट.

पतीमागे आणि मुलामागे राहिलेली ही सेहेचाळीस वर्षांची बाई वाकली नाही. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या किल्ल्याचे दरवाजे उघडले, सैन्य तुटून पडले आणि थॅकरे मारला गेला. इलियट व स्टीव्हन्सन हे दोन गोरे अधिकारी हाती सापडले. त्यांना तिने इजा होऊ दिली नाही, पुढे सोडूनही दिले. मला तलवारीपेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते. इंग्रज डिसेंबरात मोठी फौज घेऊन आले आणि किल्ला पडला. सत्तावनच्या बंडाला अजून तेहेतीस वर्षे होती.

त्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ ती बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत होती. २ फेब्रुवारी १८२९ रोजी तिथेच वारली. तिचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा लढत राहिला. त्याला १८३१ साली नंदगडला फाशी दिले. पुतळ्यात घोडा आहे, तलवार आहे. ही चार वर्षे कुठल्या शिल्पकाराने घडवावी?

दिल्लीत संसदेच्या आवारातही तिचा पुतळा आहे. २००७ साली त्याचे अनावरण राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केले. आमच्या पदवीच्या कागदावर तर तिचेच नाव असते, कारण २०१० पासून इथले विद्यापीठच राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे.

येत्या सुटीत त्याच मित्राबरोबर बैलहोंगलला तिची समाधी पाहायला जायचे ठरले आहे. परतताना कित्तूरचा पडका वाडाही पाहू. बसभाडे त्याचे, डबा माझा.