किरणांना माप देणारा शास्त्रज्ञ

हाड मोडले की डॉक्टर एक्स-रे काढायला सांगतात. एक्स-रे म्हणजेच क्ष-किरण. हे किरण शरीरातून आरपार जातात. पण ते दिसत नाहीत, टोचत नाहीत, की गरमही लागत नाहीत. मग शरीरात ते किती मुरले, हे कसे ओळखायचे? हा प्रश्न सोडवण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांचे नाव रॉल्फ सीव्हर्ट.

सीव्हर्ट यांचा जन्म ६ मे १८९६ रोजी स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे झाला. त्याआधी सहाच महिने जर्मनीत राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला होता. सीव्हर्ट यांच्या वडिलांचा विजेच्या तारांचा मोठा कारखाना होता. घरात कशाचीच कमतरता नव्हती. पण रॉल्फ यांचे मन विज्ञानात रमले.

त्या काळी कर्करोगावर क्ष-किरणांनी आणि रेडियमने उपचार करत. किरण किती द्यायचे, याला पक्के माप नव्हते. कातडी किती लाल झाली, हे पाहून अंदाज बांधत. किरण कमी पडले तर रोग हटत नसे, जास्त पडले तर निरोगी भाग भाजून निघे. रोज यंत्राजवळ काम करणाऱ्या अनेक डॉक्टरांच्या हातांना जखमा झाल्या. कित्येकांची बोटे कापावी लागली. काहींचे तर प्राणही गेले.

सीव्हर्ट स्टॉकहोमच्या 'रेडियमहेमेट' या कर्करोग रुग्णालयात काम करू लागले. १९२४ साली ते तेथील भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. किरण मोजण्यासाठी त्यांनी एक छोटी डबी तयार केली. तिच्यात आधी विजेचा भार साठवत. किरण पडले की हा भार कमी होई. तो किती घटला, यावरून किरणांची मात्रा कळे. मोजताना डबीला तारा जोडाव्या लागत नसत. त्यामुळे ती रुग्णाच्या अंगावरही ठेवता येई.

रुग्णाइतकीच सीव्हर्ट यांना यंत्राजवळ काम करणाऱ्यांचीही काळजी होती. १९२८ साली स्टॉकहोमला जगभरचे क्ष-किरणतज्ज्ञ जमले. तेथे किरणांपासून संरक्षणाचे नियम ठरवण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली. सीव्हर्ट तिचे सदस्य होते. पुढे १९५६ ते १९६२ या काळात ते तिचे अध्यक्ष झाले. ३ ऑक्टोबर १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

१९७९ साली जगाने किरणांच्या एका मापाला 'सीव्हर्ट' हे नाव दिले. शरीराचे सर्व अवयव किरणांना सारखे सोसत नाहीत. फुप्फुसे आणि हाडांतील मज्जा नाजूक असतात. त्यामानाने कातडी बळकट असते. प्रत्येक अवयवाला किती किरण मिळाले, याचा हिशेब माणसासारखे पुतळे आणि संगणक वापरून करतात. मग अवयवाच्या नाजूकपणाप्रमाणे त्याला कमी-अधिक महत्त्व देऊन सर्वांची बेरीज करतात. ती सीव्हर्टमध्ये सांगतात.

मिलिसीव्हर्ट म्हणजे सीव्हर्टचा हजारावा भाग. जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांतून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट किरण मिळतात. छातीच्या एका एक्स-रेमध्ये ०.१ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहून कमी, तर पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये सुमारे ८ ते १० मिलिसीव्हर्ट मिळतात. म्हणूनच गरजेच्या तपासणीला भिऊ नये आणि विनाकारण ती करूही नये. माप हाती आले, म्हणून हा विवेक शक्य झाला. सीव्हर्ट यांनी मानवजातीला दिलेली ही मोठी देणगी आहे.