खाशाबांचा गुडघा

खाशाबा जाधव म्हटले की हेलसिंकीचे कांस्यपदक आठवते. मला मात्र त्या पदकानंतरची चार वर्षे अधिक विचार करायला लावतात. नाव झाले, पदक मिळाले, आता पोटापाण्याचे काय, हा प्रश्न याच काळातला.

कराडजवळच्या गोळेश्वरात १५ जानेवारी १९२६ ला त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. १९४८ च्या उन्हाळ्यात, आमचा मराठवाडा अजून निजामाच्या अमलाखाली असताना, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी लंडनच्या ऑलिंपिकला गेला. लाल मातीत वाढलेल्या पोराला तिथे गादीवर लढायचे होते. तरी सहावा क्रमांक आला.

१९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. माझी हयात बँकेत गेली. मानवतसारख्या कापसाच्या पेठेत घर गहाण टाकणारे पुष्कळ पाहिले; कुणी लेकीच्या लग्नासाठी, कुणी दुखण्यापायी. परक्याच्या पोराच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकणारा एकही पाहिला नाही.

खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. २३ जुलैला कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. दुसरे यायला १९९६ उजाडले. कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण मिरवणुकीने गहाण सुटत नाही. खाशाबांनी कुस्त्या भरवल्या, मिळालेल्या पैशातून गुरूचे घर सोडवले. मला हा विजय पदकाइतकाच मोठा वाटतो.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी मेलबर्नचे ऑलिंपिक होते. तयारी चालू असताना गुडघा दुखावला आणि मेलबर्न हुकले. पैलवानाचा सगळा डाव गुडघ्यावर उभा. वय तिशीचे. केवळ कुस्तीवर संसार असता तर त्या दिवशी चूल विझली असती. गुडघा तारण ठेवून कुणी कर्ज देत नाही; पगार मात्र दरमहा येतो.

नोकरीतही सुखाचे ताट वाढून ठेवले नव्हते. बढतीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

आज आपल्या जिल्ह्यातही पोरे-पोरी कबड्डी, कुस्तीत चमकतात. त्यांना मैदानावरून ओढून घरी आणू नका. पण पुस्तकही हातातून सुटू देऊ नका. देशाने खाशाबांची आठवण उशिरा ठेवली. दरम्यान त्यांचे घर चालले ते दुखापतीच्या आधीच धरलेल्या नोकरीवर.