डेव्हिड लॉइड जॉर्ज

डेव्हिड लॉइड जॉर्ज (१७ जानेवारी १८६३ – २६ मार्च १९४५) हे ब्रिटनमधील उदारमतवादी पक्षाचे नेते, १९०८ ते १९१५ या काळातील अर्थमंत्री आणि १९१६ ते १९२२ या काळातील पंतप्रधान होते. पहिल्या महायुद्धातील नेतृत्वामुळे ते जगभर परिचित आहेत. ब्रिटनमधील सामान्य माणसाच्या मिळकतीवर मात्र त्यांचा सर्वांत टिकाऊ ठसा १९०९ चा अर्थसंकल्प व १९११ चा राष्ट्रीय विमा कायदा यांमुळे उमटला. अर्थसंकल्पाने प्राप्तिकराचा भार अधिक उत्पन्नाच्या वर्गाकडे सरकवला, तर विमा कायद्याने अल्पवेतनी कामगारालाही दर आठवड्यास ठरावीक वर्गणी भरण्यास बांधून घेतले. या दोन भिन्न तत्त्वांतील ताण ब्रिटनच्या करव्यवस्थेत पुढेही टिकून राहिला.

प्रारंभिक जीवन

लॉइड जॉर्ज यांचा जन्म मँचेस्टर येथे वेल्श कुटुंबात झाला. शिक्षक असलेले त्यांचे वडील विल्यम जॉर्ज १८६४ मध्ये निवर्तले. त्यानंतर आई मुलांना घेऊन उत्तर वेल्समधील लॅनिस्टमड्वी या खेड्यात आपल्या भावाकडे राहावयास गेली. मामा रिचर्ड लॉइड हे चर्मकार व धर्मोपदेशक होते. त्यांच्याच देखरेखीखाली डेव्हिड यांचे शिक्षण झाले आणि मामांचे आडनाव त्यांनी आपल्या नावात कायमचे सामावून घेतले. घरची भाषा वेल्श होती. १८८४ मध्ये ते सॉलिसिटर झाले. १८९० मध्ये कॅर्नार्व्हन मतदारसंघातील पोटनिवडणूक त्यांनी अवघ्या १८ मतांनी जिंकली आणि पुढे १९४५ पर्यंत तेथूनच ते निवडून येत राहिले. बोअर युद्धास केलेल्या प्रखर विरोधामुळे त्यांचे नाव देशभर झाले. १९०५ मध्ये ते व्यापार मंडळाचे अध्यक्ष व एप्रिल १९०८ मध्ये अर्थमंत्री झाले.

१९०९ चा अर्थसंकल्प

१९०८ च्या कायद्यान्वये सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांना आठवड्यास ५ शिलिंगपर्यंत निवृत्तिवेतन देण्याचे ठरले. हे निवृत्तिवेतन १ जानेवारी १९०९ पासून सुरू झाले व त्यासाठी कोणतीही वर्गणी भरावी लागत नसे. याच सुमारास जर्मनीशी चाललेल्या नौदल-स्पर्धेचा खर्चही वाढला. सुमारे १ कोटी ६० लाख पौंडांची तूट भरून काढण्यासाठी लॉइड जॉर्ज यांनी २९ एप्रिल १९०९ रोजी जो अर्थसंकल्प मांडला, तो 'जनतेचा अर्थसंकल्प' म्हणून ओळखला जातो.

त्या काळी १ पौंड म्हणजे २० शिलिंग अथवा २४० पेन्स होत. वर्षाला १६० पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास प्राप्तिकर नव्हता. त्यामुळे बहुसंख्य कामगार या कराच्या कक्षेबाहेर होते. प्राप्तिकराचा मुख्य दर पौंडामागे १ शिलिंगवरून १ शिलिंग २ पेन्स करण्यात आला. श्रमातून मिळालेल्या २,००० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नाला मात्र ९ पेन्सचा सवलतीचा दर कायम राहिला. ज्यांचे उत्पन्न ५,००० पौंडांहून अधिक होते, त्यांच्या ३,००० पौंडांवरील रकमेवर पौंडामागे ६ पेन्सचा 'अधिकर' प्रथमच बसविण्यात आला. ५०० पौंडांहून कमी उत्पन्नाच्या करदात्यांना सोळा वर्षांखालील प्रत्येक अपत्यामागे १० पौंडांची वजावट मिळाली.

या तरतुदींचा परिणाम उत्पन्नानुसार भिन्न होता. नोकरीतून ३०० पौंड मिळविणाऱ्या व्यक्तीला १६० पौंडांची वजावट जाता उरलेल्या १४० पौंडांवर ५ पौंड ५ शिलिंग कर पडे; दोन लहान मुले असल्यास तो ४ पौंड १० शिलिंगांवर येई. खंड व व्याज यांतून १०,००० पौंड मिळविणाऱ्या जमीनदाराचा कर मात्र ५०० पौंडांवरून ७५८ पौंडांहून वर गेला. कामगारवर्ग प्राप्तिकरातून सुटला असला, तरी तंबाखू व मद्यावरील वाढीव करांचा वाटा त्याला उचलावा लागला.

जमिनीच्या आपोआप वाढलेल्या मूल्यावर २० टक्के कर ही या अर्थसंकल्पातील सर्वाधिक वादग्रस्त तरतूद ठरली. जुलैमध्ये लंडनच्या लाइमहाउस या वस्तीत केलेल्या भाषणात लॉइड जॉर्ज यांनी जमीनदारांवर कठोर टीका केली. ३० नोव्हेंबर १९०९ रोजी उमरावांच्या सभागृहाने ३५० विरुद्ध ७५ मतांनी अर्थसंकल्प फेटाळला. जानेवारी १९१० च्या निवडणुकीत उदारमतवादी पक्षाचे बहुमत गेले. परंतु आयरिश व मजूर पक्षांच्या पाठिंब्यावर सरकार टिकले आणि एप्रिलमध्ये अर्थसंकल्प संमत झाला. पुढे १९११ च्या पार्लमेंट कायद्याने अर्थविषयक विधेयके अडविण्याचा उमरावांचा अधिकार संपुष्टात आणला. जमिनीवरील करांतून मात्र अपेक्षित उत्पन्न आले नाही. १९२० मध्ये लॉइड जॉर्ज पंतप्रधान असतानाच ते रद्द झाले.

राष्ट्रीय विमा कायदा

ऑगस्ट १९०८ मध्ये जर्मनीस भेट देऊन लॉइड जॉर्ज यांनी तेथील सक्तीच्या कामगार विम्याचा अभ्यास केला. त्यातून साकारलेला राष्ट्रीय विमा कायदा डिसेंबर १९११ मध्ये संमत झाला. वर्गणीची वसुली जुलै १९१२ पासून सुरू झाली. मालक कामगाराच्या कार्डावर दर आठवड्यास तिकीट चिकटवी आणि कामगाराचा हिस्सा त्याच्या मजुरीतून कापून घेई.

आरोग्य विमा १६ ते ७० वयोगटातील शारीरिक श्रम करणाऱ्यांना व १६० पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या अन्य नोकरदारांना लागू होता. पुरुष कामगार ४ पेन्स, मालक ३ पेन्स व सरकार २ पेन्स असा आठवड्याचा वाटा होता. स्त्री कामगारांची वर्गणी ३ पेन्स होती. आजारपणात पुरुषांना आठवड्यास १० शिलिंग, स्त्रियांना ७ शिलिंग ६ पेन्स व शिवाय वैद्यकीय उपचार मिळत. उपचारांचा हा लाभ केवळ विमाधारकापुरता होता, त्याच्या कुटुंबाला नव्हता. कायद्याच्या दुसऱ्या भागाने बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती आदी उद्योगांतील सुमारे साडेबावीस लाख कामगारांना बेकारी विमा दिला.

वर्गणी वेतनाच्या प्रमाणात नसल्याने तिचा भार विषम होता. आठवड्यास २० शिलिंग मिळविणाऱ्या मजुराचे ४ पेन्स म्हणजे मजुरीचा साठावा भाग होता. ४० शिलिंग मिळविणाऱ्या कुशल कारागिराचा तोच एकशेविसावा भाग. प्राप्तिकर न भरणारा मजूर अशा रीतीने वर्षाला १७ शिलिंग ४ पेन्स देऊ लागला. अत्यल्प मजुरीच्या प्रौढ कामगारांचा हिस्सा कमी करून मालकांवर अधिक भार टाकण्यात आला होता, तरीही फिलिप स्नोडेन व जॉर्ज लान्सबरी या मजूर पक्षीय खासदारांनी गरिबांच्या वर्गणीस विरोध केला. हा खर्च करांतून भागवावा, अशी त्यांची भूमिका होती. वर्गणी भरल्याने लाभ हा हक्क ठरतो, दान ठरत नाही, असा विम्याच्या समर्थकांचा युक्तिवाद होता.

महायुद्ध व पंतप्रधानपद

नोव्हेंबर १९१४ च्या युद्धकालीन अर्थसंकल्पात लॉइड जॉर्ज यांनी प्राप्तिकराचे दर दुप्पट केले. १९१५ मध्ये ते युद्धसामग्री मंत्री झाले. त्यांच्यानंतरचे अर्थमंत्री रेजिनाल्ड मॅकेना यांनी करमुक्तीची मर्यादा १३० पौंडांवर आणल्याने अनेक कुशल कामगार प्रथमच करदाते झाले. डिसेंबर १९१६ मध्ये लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाले. १९१८ पर्यंत प्राप्तिकराचा मुख्य दर पौंडामागे ६ शिलिंगांवर पोहोचला.

पॅरिस शांतता परिषद, १९२१ चा आयर्लंडशी करार व भारतासंबंधीचा १९१९ चा सुधारणा कायदा या त्यांच्या कारकिर्दीतील प्रमुख घटना होत. १९२० मध्ये बेकारी विमा शेतमजूर व घरकामगार वगळता बहुतेक श्रमिकांना लागू झाला. मात्र लगेच आलेल्या मंदीत बेकारांची संख्या वीस लाखांवर गेली व विमा निधीवर मोठा ताण पडला. ऑक्टोबर १९२२ मध्ये हुजूर पक्षाने पाठिंबा काढून घेतल्याने त्यांनी राजीनामा दिला. पदव्यांच्या विक्रीच्या आरोपांनी त्यांची प्रतिमा डागाळली होती. १९३६ मध्ये हिटलरची भेट घेऊन त्यांनी केलेली प्रशंसाही टीकेचा विषय ठरली. १९४५ च्या प्रारंभी त्यांना अर्ल ही पदवी मिळाली. त्याच वर्षी २६ मार्च रोजी लॅनिस्टमड्वी येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

१९४२ च्या बेव्हरिज अहवालावर आधारित विमा योजना १९४८ मध्ये अमलात आली, तेव्हाही सर्वांसाठी समान वर्गणीचे तत्त्व कायम राहिले. १९६१ मध्ये तिला वेतनाशी निगडित वर्गणीची जोड मिळाली आणि १९७५ पासून नोकरदारांची वर्गणी वेतनाच्या टक्केवारीने घेतली जाऊ लागली. तरीही ठरावीक मर्यादेवरील वेतन २००३ पर्यंत नोकरदाराच्या वर्गणीतून मुक्त होते. त्या वर्षापासून त्यावर १ टक्का आकारणी सुरू झाली. प्राप्तिकर खंड, व्याज व लाभांशावरही लागतो. राष्ट्रीय विम्याची वर्गणी मुख्यतः श्रमाच्या मिळकतीवर असते. म्हणूनच या दोहोंपैकी कोणता दर बदलला, यावर नोकरदार, निवृत्त व मालमत्ताधारक यांपैकी कोणाच्या खिशाला झळ लागेल, हे आजही ठरते.